माएसो सरांची बोली

माझे बाबा नऊ दिवस एकच शब्द ओरडत होते, आणि इस्पितळातल्या कागदावर नऊही दिवस 'असंबद्ध उच्चार' एवढंच लिहिलं जात होतं.

नाहा शहरातल्या त्या इस्पितळाचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तिथले लोक फोन करून पुन्हा माफी मागतील, आणि त्यांची ती वाकून वाकून मागितलेली माफी ऐकण्याची माझी आता तयारी नाही.

बाबांचं नाव माएसो केइतोकु. जपानच्या टोकाला असलेल्या दुनान बेटावरच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते. निवृत्त झाल्यावरही अख्खं बेट त्यांना सरच म्हणायचं. त्र्याऐंशीव्या वर्षी, जून महिन्यात, अंगणात रताळ्याच्या वेलांना पाणी घालताना ते कोसळले. हेलिकॉप्टरने मोठ्या बेटावर नेलं, तिथून तीन आठवड्यांनी माझ्याजवळ, नाहाला. मी इथे तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काम करते. आई जाऊन बारा वर्षं झाली, भावंडं मला नाहीत. करायचं ते मलाच करायचं होतं.

उजवं अंग लुळं पडलं होतं. आणि त्याच्यासोबत जपानी गेलं होतं.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बाबांचं जपानी म्हणजे रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बेटावरचे लोक मागून हसायचे, की सर शिंकतातसुद्धा तोक्योची शिंक. त्या माणसाच्या तोंडून आता फक्त दुनानची बोली येत होती, त्यांच्या आईची, माझ्या आजीची. घसा आवळून उच्चारायची, लिहायला गेलं तर जपानी अक्षरांत न मावणारी. त्यांना ती बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. घरात आजी माझ्याशी तिच्या बोलीत काही बोलायला लागली की बाबा वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचे, "आई, मुलीशी नीट बोल." आजी गप्प व्हायची. मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत ती माझ्याशी फक्त हातवाऱ्यांनी बोलायला लागली होती. ये. खा. झोप. म्हणून मला ती बोली कळते ती एवढीच, दोनेकशे शब्द. पाणी, मीठ, पाऊस, गाढवे, दार लाव. आणि बोलता तर एक वाक्य येत नव्हतं.

बाबा पाणी मागत होते तेव्हा मी पाणी दिलं. ऊन लागतंय म्हणाले तेव्हा पडदा ओढला. मग मी डॉक्टर हिरानोंना गाठलं. तरुण माणूस, मुख्य भूमीवरून आलेला, कपड्यांना इस्त्री.

"बाबा बडबडत नाहीयेत," मी म्हणाले. "ते आमच्या बेटाच्या बोलीत बोलताहेत."

"असं कोणी तज्ज्ञाने सांगितलंय का?"

"मी सांगतेय."

"तुम्हाला येते ती बोली?"

"नाही. म्हणजे थोडी कळते."

"हं," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "नातेवाइकांना बऱ्याचदा असं वाटतं. तुटक आवाजांत आपण ओळखीचे शब्द शोधतो. मी समजू शकतो."

काय समजू शकत होता तो? मी गप्प बसले. मी मास्तरांची मुलगी, मोठ्या आवाजात बोलायचं नाही, समोरच्याला लाजवायचं नाही, एवढंच शिकले होते.

तोकाशिकी नावाची एक चांगली नर्स होती, साठीला आलेली, नाहाचीच. तिने बाबांशी नाहाकडच्या बोलीत बोलून पाहिलं, लहानपणी आजोळी शिकलेल्या. बाबांनी तिच्याकडे परकी बाई पाहावी तसं पाहिलं. ती हसत म्हणाली, "माझंच चुकलं. तुमचं बेट म्हणजे वेगळाच देश." निदान ती तरी म्हणाली, की हा माणूस काहीतरी भाषा बोलतोय.

भाषेची चाचणी घेणारी मुलगी चित्रं घेऊन यायची. छत्री. खेकडा. शिडी. बाबा खेकड्याकडे बघून खेकडा म्हणायचे, स्पष्ट, आजीच्या तोंडचा शब्द, आणि ती फुली मारायची. मी शेजारी बसून त्या फुल्या बघत होते. बाबांनाही त्या दिसत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर फुल्या मारलेला माणूस. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी चित्रांकडे बघणंच सोडलं.

आणि तो शब्द. सकाळी दोन नर्सा त्यांना उठवून बसवायच्या, एक डाव्या काखेत हात घालून, एक उजव्या, की ते तो शब्द किंचाळायचे. अंग पुसताना तोच. कुशीवर वळवताना तोच. माझ्या दोनशे शब्दांत तो नव्हता. सहाव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने एका नर्सला ढकललं. तेव्हा त्या हाताला कापडी मोजा घालून तो पलंगाच्या कठड्याला बांधला. चिडचिड कमी व्हायचं औषध सुरू केलं. "वयस्कर रुग्णांमध्ये असं होतं," डॉक्टर म्हणाले.

मी त्या कागदावर सही केली. हे मी लपवत नाही. बांधायला परवानगी म्हणून माझी सही आहे.

बेटावर माझ्या चुलत भावाला फोन लावला, तो शब्द जसा जमेल तसा उच्चारून दाखवला. तो पन्नाशीचा, त्यालाही कळेना. "कोमिने मावशीला विचार," तो म्हणाला. "तिच्याइतकी बोली आता बेटावर कोणाला येत नाही. फक्त जपून. तुझ्या बाबांचं नाव काढलं तर ती फोन आपटेल."

कोमिने हात्सुए बंदराजवळ मासे कापायचं काम करायची. अडुसष्ट वर्षांची. मी लहानपणी तिला पाहिलेलं, लांब सुरा घेऊन मोठाले सुरमईसारखे मासे उभे चिरताना. वयाने मोठी म्हणून मीही मावशीच म्हणायचे, पण तिने कधी मला हाक मारली नव्हती.

फोनवर मी नाव सांगितलं. पलीकडे नुसता पाण्याच्या नळाचा आवाज.

"सरांची मुलगी," ती शेवटी म्हणाली. "मेले का?"

"नाही. मावशी, एका शब्दाचा अर्थ विचारायचाय." मी तो शब्द उच्चारला.

"काय? पुन्हा बोल. तोंडात भात आहे का तुझ्या?"

मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. मग नळ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"हा घोड्याचा शब्द आहे," ती म्हणाली. "घोडं कड्यावरून घसरलं आणि त्याचा पुढचा खांदा खोबणीतून निसटला, की म्हणतात. कोण बोलतंय हे?"

"बाबा. नऊ दिवस."

ती हसली. वाईट हसणं होतं ते.

"म्हणजे तो मास्तर आता दुनानची बोली बोलतोय, आणि समजायला कोणी नाही?"

"हो."

"तुला शिकवली नाही ना त्याने?"

"नाही."

"मूर्ख मुली, मग फोन काय धरून बसलीस? खांदा बघ त्याचा!"

मी धावत गेले. बाबांची चादर काढली, सदऱ्याची नाडी सोडली. उजव्या खांद्याच्या टोकाखाली माझी दोन बोटं मावतील एवढा खड्डा होता. लुळ्या हाताचं वजन झेलायला स्नायू उरले नव्हते, सांधा सुटला होता, आणि रोज त्याच काखेत हात घालून त्यांना वर ओढलं जात होतं. नऊ दिवस. त्यांनी नऊ दिवस सांगितलं होतं, की घोड्यासारखा माझा खांदा गेलाय.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. व्हरांड्यात उभी राहून, चपला पायात नाहीत, "एक्स-रे काढा! आत्ता!" लोक दारांतून डोकावले. एक्स-रे निघाला. डॉक्टर हिरानोंनी तो दिव्यावर धरला, बराच वेळ पाहिला आणि कमरेतून वाकले. "अत्यंत खेद वाटतो." त्यांच्या मागे आणखी दोघं वाकली. मी त्या तीन डोक्यांकडे बघत होते आणि मला कुणाच्या तरी डोक्यात खुर्ची घालावीशी वाटत होती.

खांद्याला पट्टा बांधला, हाताचा मोजा काढला, औषध थांबवलं. पण कागदावरचं 'असंबद्ध उच्चार' तसंच राहिलं.

चार दिवसांनी हात्सुए मावशी आली. मी बोलावलं नव्हतं. पायात बंदरावरचे रबरी बूट, हातात कापडी पिशवी, विमानातून उतरून थेट.

"त्याच्यासाठी आलेली नाही," दारातच म्हणाली. "जपानी गेलेला मास्तर कसा दिसतो ते बघायला आलेय."

ती पलंगाशेजारी बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाबी."

नाबी हे तिचं घरचं नाव. बेटावर पूर्वी प्रत्येक पोराला दोन नावं असायची, एक घरचं आणि एक शाळेचं, आणि घरचं नाव शाळेच्या फाटकाच्या आत घ्यायला सक्त बंदी होती. बंदी कोणाची, ते सांगायला नको.

"तोंडात माझं नाव घ्यायचं नाही," ती म्हणाली. पण म्हणाली ती त्याच बोलीत. आणि बाबांनी उत्तर दिलं. मग तिने. मग बाबांनी. पंधरा मिनिटं त्यांचं सुरू होतं. मला मधले मधले शब्द कळत होते, पाणी, वारा, शाळा, पाय. खोलीत अचानक दोन माणसं होती.

मी तोकाशिकीबाईंना बोलावलं, त्यांनी डॉक्टरांना. "आता पुन्हा चाचणी घ्या," मी म्हणाले. "मावशी अर्थ सांगतील."

डॉक्टर तयार झाले, बहुधा खांद्यामुळे. प्रश्न ते विचारायचे, मावशी बोलीत सांगायची, बाबांचं उत्तर जपानीत करून द्यायची.

"सध्या कोणता ऋतू आहे?"

बाबा बोलले. मावशी म्हणाली, "पावसाचे ढग उत्तरेला गेले आणि दक्षिणेचा वारा बसला, होड्या आता भरवशाने निघतात, असे दिवस."

डॉक्टर घुटमळले. "उत्तर एका शब्दात हवं. वसंत, ग्रीष्म असं."

"एका शब्दातच दिलंय त्याने," मावशी म्हणाली. "तुमच्याकडे तेवढा शब्द नाही त्याला मी काय करू?"

चित्रं सगळी बरोबर आली. आपण कुठे आहोत, शेजारी कोण बसलंय, मघाशी सांगितलेल्या तीन वस्तू कोणत्या, सगळं बरोबर. वजाबाकीत मात्र अडले. मोठे आकडे आमच्या बोलीत जपानीतूनच घेतलेले, ते जपानीबरोबर निघून गेले होते. तिसापैकी एकवीस गुण झाले. आधी दोन होते.

"फारच चांगलं," डॉक्टर म्हणाले. "पण हे नोंदवता येणार नाही. ही चाचणी त्या बोलीसाठी प्रमाणित नाही."

"मग जी चाचणी त्यांना कळतच नव्हती तिचे दोन गुण कसे नोंदवले?" मी विचारलं.

ते पुन्हा वाकले. मी म्हणाले, "वाकू नका. लिहा." मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि हलले नाही. शेवटी त्यांनी समासात लिहिलं, 'मुलीच्या म्हणण्यानुसार रुग्ण स्थानिक बोलीत बोलतो.' मुलीच्या म्हणण्यानुसार! मावशी तिथे बसली होती, बाबा बोलत होते, तोकाशिकीबाई साक्षीला होत्या, आणि तरी मुलीच्या म्हणण्यानुसार.

सगळे गेल्यावर मावशीने खुर्ची पुढे ओढली. "आता माझं काम," ती मला जपानीत म्हणाली. "मी त्याला जे सांगेन ते तुलाही सांगते. ऐकून ठेव."

मग ती एक वाक्य बोलीत बोलायची, एक जपानीत. चौथीत असताना किनाऱ्यावर सहल गेली होती. तिचा धाकटा भाऊ खडकाच्या कडेला गेला, लाट येताना दिसली, ती ओरडली. जे तोंडात आलं ते ओरडली. भाऊ मागे फिरला, वाचला. आणि माएसो सरांनी तिच्या गळ्यात ती लाकडी पाटी घातली, बोलीत बोलणाऱ्याला घालायची ती. नियम असा, की दुसरं कोणी बोलीत बोलताना पकडून दिलं तरच पाटी तुमच्या गळ्यातून उतरणार.

"अकरा दिवस घातली मी ती," मावशी म्हणाली. "सगळी पोरं माझ्याजवळ आली की ओठ आवळायची. बाराव्या दिवशी मी माझ्याच भावाच्या पायावर दगड टाकला. त्याच भावाच्या. तो आई गं म्हणून ओरडला, आपल्या बोलीत. दुसऱ्या कोणत्या बोलीत ओरडणार सात वर्षांचं पोर? तुम्ही माझ्या गळ्यातली काढून त्याच्या गळ्यात घातलीत आणि मला म्हणालात, शाबास कोमिने."

बाबा छताकडे बघत होते.

"पंधराव्या वर्षी तो ओसाकाला कामाला गेला. तिथून आईला पत्रं आली ती जपानीत. मेला तेव्हा रुग्णालयातून फोन आला तो जपानीत. पण माझ्याशी तो त्या दिवसानंतर एक शब्द बोलला नाही. कोणत्याच भाषेत नाही."

मग बाबा काहीतरी म्हणाले, लहानसं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतोय, मलाही घातली होती. लहानपणी. लढाईच्या आधी." मावशी उठली. तिचा आवाज इतका चढला, की बाहेरून कोणीतरी दार उघडून बघून गेलं. "मग तुम्हाला तर ठाऊक होतं! मला वाटायचं, ठाऊक नसेल या माणसाला. शिकलेला आहे, कळत नसेल. साठ वर्षं मी तेवढी सवलत दिली होती तुम्हाला!"

पुढचं तिने मला जपानीत सांगितलं नाही.

बाबांना मी सप्टेंबरमध्ये बेटावर परत नेलं. दुकानातून बिनपगारी रजा घेतली. मावशी मासे कापून झाले की संध्याकाळी चारला यायची, पायरीवर बूट काढायची आणि भांडण सुरू. कोणत्या पोराला किती दिवस पाटी, कोणत्या आईला घरी जाऊन काय सुनावलं, सगळं उकरून काढायची. बाबा कधी उत्तर द्यायचे, कधी चिडून तोंड फिरवायचे. एकदा दोघं एका घोड्याच्या नावावरून हसले, आणि हसल्याबद्दल मावशी स्वतःवरच इतकी चिडली, की दोन दिवस आली नाही. तिने त्यांना माफ केलं असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे.

मी मध्ये चहा घेऊन बसायचे, बहिऱ्यासारखी. माझाच बाप, माझंच घर, आणि दोघांच्या बोलण्यात मला शिरता येत नव्हतं. राग साठत गेला. मी मावशीकडून एक वाक्य तयार करून घेतलं. आठवडाभर न्हाणीघरात घोकलं. मग एका संध्याकाळी बाबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले. तुम्ही माझी जीभ कापलीत. एवढंच वाक्य. आयुष्यात त्या बोलीत बोललेलं माझं पहिलं वाक्य.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डावा हात वर केला. आणि जीभ हा शब्द पुन्हा म्हणून दाखवला. सावकाश, घसा आवळून, शेवट खाली आणत. माझा शेवट वर गेला होता.

ते माझा उच्चार सुधारत होते!

मावशी पायरीवर बसून पोट धरून हसायला लागली. "मास्तर! मेलं तरी मास्तर!" मी चहाचा पेला भिंतीवर फेकला. गरम चहा चटईवर सांडला. मी ते वाक्य पुन्हा म्हणाले, ओरडून, शेवट खाली आणून. बाबांनी मान हलवली, की आता बरोबर. आणि मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, डाव्या बाजूने. ते रडत होते. मी डोळे पुसायला गेले नाही. चटई पुसली.

त्यानंतर रोज मी एक वाक्य रागाचं तयार करायचे आणि बाबा ते सुधारायचे. इस्पितळावरचा राग, आजीबद्दलचा राग, आईने कधीच मध्ये न पडल्याचा राग. ते ऐकायचे, चूक दाखवायचे, आणि क्वचित उत्तर द्यायचे. आजीबद्दल म्हणाले, मी तिला माझ्याच घरात मुकं केलं. हे मला मावशीच्या मदतीशिवाय कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला नाही.

फेब्रुवारीत ते गेले, समुद्र खवळलेला असताना, दुपारी. अंत्यविधीला अख्खं बेट जमलं. जुने विद्यार्थी एकामागून एक उठून बोलले, सुंदर जपानीत. सर शिस्तीचे होते. सरांमुळे आम्ही बाहेर जाऊन मान वर करून बोलू शकलो. सरांचे उपकार. पाटीचं नाव कोणी काढलं नाही. तिसऱ्या भाषणाला मावशी उठून गेली. पाचव्याला मी उठले. घरची एकुलती एक मुलगी, सगळे बघत राहिले.

ती बंदरावर होती. कापायच्या फळीवर मोठा मासा आडवा पडलेला, ती सुरा घासत होती. मी शेजारी उभी राहिले. माझ्या अंगात राग मावत नव्हता, आणि तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. जो मेला त्याच्यावर, ज्यांनी त्याला शिकवलं त्यांच्यावर, की त्या आत बसून उपकार मानणाऱ्यांवर?

मी तिला तेच विचारलं. दुनानच्या बोलीत, तुटक, दोन शब्द चुकीचे.

तिने आधी दोन्ही शब्द सुधारले. मग सुरा माशाच्या कल्ल्याखाली घातला आणि म्हणाली, "सगळ्यांवर. एकेकावर. घाई काय आहे? मी अजून सत्तरचीही नाही. धर शेपूट."